बाजाराचे सहा, माझे पाच

"दोन धर की," मकबूल म्हणाला, आणि रुद्रेशनं पडद्यावरच्या रिकाम्या चौकोनात दोनचा आकडा टाकून पुढचं पान उघडलंसुद्धा. एवढंच झालं. मकबूलच्या हातात चहाचा ग्लास होता, त्याच्या बाहेरच्या अंगानं एक थेंब ओघळत बोटापर्यंत आला होता, आणि तो पुसायच्या आत विषय संपला होता. प्रश्न साधाच होता. नांदेडच्या वजिराबादेतल्या या दलालीच्या ऑफिसात मकबूल एकोणीस वर्षं हळदीच्या वायद्याच्या ऑर्डरी टाकत आला होता. गिऱ्हाईक फोनवर भाव विचारायचं, घे किंवा काढ म्हणायचं, मकबूल बटन दाबायचा. मालकांचा, उमाशंकरशेठचा मुलगा रुद्रेश पुण्याहून शिकून आला आणि त्यानं आपोआप सौदे करणारा प्रोग्रॅम लिहिला. दहा वर्षांच्या जुन्या भावांवर तो चालवून बघितला तर नफ्याची रेघ जिना चढल्यासारखी वर जात होती. फक्त एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. पडद्यावर दिसतो तो भाव आणि प्रत्यक्षात हाती लागतो तो भाव, या दोहोंत दरवेळी थोडं काहीतरी निसटतं. रुद्रेश त्याला स्लिपेज म्हणायचा. मकबूल त्याला आजवर काहीच म्हणाला नव्हता. हळदीचा भाव क्विंटलमागं दोन-दोन रुपयांनी हलतो, तेवढ्या एका हालचालीला टिक म्हणतात. तर अशा किती टिक दर सौद्याला निसटतात असं धरायचं, एवढंच रुद्रेशनं विचारलं होतं. "चाचा, तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?" असंही तो म्हणाला होता. आणि मकबूलनं चहा फुंकता फुंकता सांगून टाकलं होतं, दोन.

दिवसभर तो दोन त्याच्या अंगात कुठंतरी रुतून राहिला. कुठं ते सांगता आलं नसतं. दुखत नव्हतं, पण मान वळवली की जाणवत होतं. आपण दोन का म्हणालो? तीन का नाही? त्यानं आठवायला सुरुवात केली, आणि आठवत गेले ते सगळे सौदे चांगले लागलेले. चौदा हजार एकशेवीस दिसतोय, चौदा हजार एकशेवीसलाच लागला. फार तर अठराला. वाईट लागलेला एकही सौदा आठवेना, आणि त्याचीच त्याला भीती वाटायला लागली. चोपन्न वर्षांच्या माणसाला एकोणीस वर्षांतलं नुसतं चांगलंच आठवत असेल तर आठवणाऱ्यातच काहीतरी बिघाड असणार. संध्याकाळी देगलूर नाक्यावरच्या घरी तो भिंतीला टेकून बसला, तेव्हा बायको नाझनीन ताट समोर सरकवून दोनदा म्हणाली, "खाना ठंडा होरा जी. क्या होरा तुमकू?" तो म्हणाला, "कुछ नै. एक नंबर बोल दिया किसीकू." ती म्हणाली, "कायका नंबर?" त्यानं घास मोडला. रुद्रेश पंधरा दिवसांनंतरच्या रविवारी लातूरला एक हॉल घेणार होता, चाळीस गिऱ्हाइकांना बोलावून तो जिना दाखवणार होता, आणि मग ज्याची तयारी असेल त्याचे सौदे प्रोग्रॅमकडे जाणार होते. त्या जिन्याची खालची पायरी आता मकबूलच्या तोंडातून निघालेली होती.

फोनवर आलेली प्रत्येक ऑर्डर नियमानं रेकॉर्ड होते. मकबूलला हे माहीत होतं, तरी आपला आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाचला बाजार बंद झाल्यावर त्यानं कानाला हेडफोन लावला. त्याचा हिशेब साधा होता. गिऱ्हाइकाला आपण सांगितला तो भाव रेकॉर्डिंगमध्ये असणार, आणि सौदा ज्या भावाला लागला तो कॉम्प्युटरात असणार. दोन्ही शेजारी लिहायचे. पाच ते सात, रोज, ऑफिस रिकामं झाल्यावर. पहिल्या दिवशी त्याला वाटलं हे कुणातरी दुसऱ्याचं रेकॉर्डिंग आहे. आवाज जाड होता, भरवशाचा होता, एखाद्या डॉक्टरसारखा होता. "हां, बोला. हां, एकशेवीस चालू हाय. काढू? काढतो." मग बटनाचा बारीकसा टक्. मग, "झालं. दोन-चार रुपये इकडंतिकडं, चालतंय." आणि कॉम्प्युटर सांगत होता, अठ्ठावीस रुपये. चौदा टिक. मकबूलनं हेडफोन काढला, कान गरम झाला होता, तो चोळला, परत लावला, परत ऐकलं. दोन-चार रुपये इकडंतिकडं. खोटं बोलणाऱ्याचा आवाज नव्हता तो. त्या माणसानं पडद्याकडं बघितलंच नव्हतं. धीर देणं हे त्याचं काम आहे असं त्याला वाटत होतं, आणि तो ते करत होता.

घेण्याचे सौदे ठीक होते. शांत बाजारात, सकाळच्या वेळी, दोन टिक, कधी एक. रुद्रेशला सांगितलेला दोन तिथून आला होता. पण निघण्याचे, म्हणजे विकून मोकळं होण्याचे, सौदे वेगळे निघाले. भाव पडत असतो, गिऱ्हाईक घाबरलेलं असतं, तेव्हाच त्याला निघायचं असतं; आणि तेव्हाच समोर घेणारे पळालेले असतात. वरच्या भावाला एका लॉटचा, म्हणजे पन्नास क्विंटलचा, घेणारा, त्याच्या खाली दोघं, मग मधे नुसती मोकळी जागा, आणि खूप खाली आणखी कुणीतरी एक. पाच लॉट काढायचे म्हटले की एकएक पायरी खाली उतरत जावं लागायचं. एकशेचाळीस सौदे ऐकून झाले तेव्हा पडत्या बाजारात निघण्याची सरासरी अकरा टिक आली. दोन नाही. अकरा. त्या आकड्याकडं बघताना मकबूलला, खरं तर, सुटल्यासारखं वाटलं. अकरा धरले तर रुद्रेशचा जिना कोसळतो, लातूरचा हॉल रद्द होतो, फोन तसेच वाजत राहतात, आणि ही खुर्ची, जिच्या डाव्या हाताला कोपराच्या घासण्यानं रेक्झिन फाटलं होतं, ती आणखी सहा वर्षं त्याचीच राहते. अकरा हा खरा आकडा होता. तो सांगायला काहीच हरकत नव्हती.

फक्त त्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्याला चौथ्या की पाचव्या संध्याकाळी ऐकू आली. शांतता. गिऱ्हाईक म्हणायचं "काढा", आणि त्यानंतर लगेच टक् येत नव्हता. पंख्याचा आवाज यायचा. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबायचं. मकबूलचा श्वास यायचा, जवळून, त्याचा त्यालाच किळसवाणा वाटेल इतका जवळून. मग टक्. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मोजलं. सात सेकंद. दुसरा सौदा, आठ. तिसरा, बारा. घेताना हे होत नव्हतं. "घ्या" म्हटल्याबरोबर बोट पडत होतं. काढतानाच ते थांबत होतं. आपण झटपट आहोत अशी त्याची समजूत होती, ऑफिसातही तशीच ख्याती होती. उमाशंकरशेठ नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे, आमच्या मकबूलचं बोट म्हणजे वीज. आणि वीज नऊ सेकंद थांबत होती, सरासरी. रुद्रेशच्या कॉम्प्युटरात प्रत्येक सेकंदाचा भाव साठवलेला होता. तो मकबूलनं मागून घेतला, काय करायचंय ते न सांगता. गिऱ्हाइकाच्या शब्दापासून बटनापर्यंत किती घसरलं आणि बटनापासून सौदा लागेपर्यंत किती, हे त्यानं वेगळं केलं. बाजाराचे सहा निघाले. उरलेले पाच त्याचे स्वतःचे होते.

का थांबत होतो, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण तो स्वतःलाच पुलावरून घरी जाताना विचारत राहिला, गोदावरीचं पाणी खाली कुठंतरी आटून खडकात अडकलेलं होतं आणि वारा नव्हता. त्याचे अब्बा मोंढ्यातल्या धान्यबाजारात लिलाव पुकारायचे. शेतकरी आपल्या ढिगाशेजारी उकिडवा बसलेला, व्यापारी घोळक्यानं उभे, आणि अब्बा गळ्याच्या शिरा ताणून एक… दोन… आणि मग तिसऱ्याच्या आधी गप्प व्हायचे. तोंड उघडं, हात वर, पण आवाज नाही. व्यापारी चिडायचे, "ए मियाँ, तोड की आता." अब्बा सौदा तोडत नसत. त्या तेवढ्या वेळात कुणाच्या तरी मनात चलबिचल व्हायची आणि भाव दहा रुपयांनी वर जायचा, आणि ढिगाशेजारचा माणूस मान खाली घालूनच हसायचा. लहानपणी मकबूलला ती गप्प बसलेली जागा सगळ्यांत आवडायची. तेच त्याच्या बोटानं उचललं असेल का? कुणी "काढा" म्हणालं की त्याला वाटत असेल, थांबू जरासं, गरिबाचं भलं होईल, येईल वर. पण इथं समोर व्यापाऱ्यांचा घोळका नव्हता. मुंबईत की कुठं बसलेल्या कुणाला मकबूलच्या गप्प बसण्याशी देणंघेणं नव्हतं. तिथली शांतता पैसे आणायची, इथली खायची. आणि पुन्हा तो विचार त्याला फार सोयीचा वाटला म्हणून त्यानं तो टाकून दिला. अब्बांना यात ओढायला नको. कदाचित तो नुसता घाबरट होता. पडत्या भावाला बटन दाबणं म्हणजे नुकसान झालं हे कबूल करणं, आणि नुकसान दुसऱ्याचं का असेना, ते स्वतःच्या बोटानं करवत नसेल.

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस. त्यानं सगळ्यांत शेवटी ठेवलेलं रेकॉर्डिंग त्या दिवशी ऐकलं. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतलं, मुरुडच्या भुजंगरावांचं. लातूर जिल्ह्यातला हा माणूस, स्वतःची हळद पिकवणारा, अठरा वर्षं दर आठवड्याला फोन करणारा, मकबूलच्या मुलीच्या लग्नात दोन पोती तांदूळ घेऊन आलेला. त्या दिवशी बाजार सकाळपासून कोसळत होता. रेकॉर्डिंगमध्ये भुजंगरावांचा आवाज बारीक येत होता, "मकबूलभाई, काढा." मग पंखा. पंखा. मग मकबूलचा तो जाड, भरवशाचा आवाज, "थांबा जरासं. वर येईल बहुतेक." भुजंगराव म्हणाले, "बरं." आणि परत पंखा. टक् आला तेव्हा एकवीस सेकंद झाले होते, आणि भाव चव्वेचाळीस टिक खाली होता. "ठीक हाय," म्हणून भुजंगरावांनी फोन ठेवला होता. मकबूलला आठवत होतं ते एवढंच, की त्या दिवशी बाजारानं फार मारलं.

सोमवारी सकाळी रिक्षातून येताना अकरा त्याच्या तोंडातच होते. ऑफिसचा जिना चढेपर्यंत होते. रुद्रेश लातूरच्या हॉलसाठी छापलेल्या पत्रिका मोजत होता. त्याच्यापुढं मकबूलनं कागद ठेवला आणि खुर्चीवर बसला. "रुद्रेश, दोन चुकलं. बाजाराचे सहा हाईत. पडत्या बाजारात निघताना. माझे पाच."

"तुमचे म्हणजे?"

मकबूलनं सांगितलं. रेकॉर्डिंग, सेकंद, सगळं. सांगताना त्याला कसलीही शरम वाटली नाही, फक्त थकवा आला, दुसऱ्याच्या आजाराची हकीकत सांगून येतो तसा. बटन प्रोग्रॅमच दाबणार होता, म्हणून रुद्रेशनं चौकोनात दोनच्या जागी सहाच टाकला. पंचवीस-तीस सेकंद कॉम्प्युटर चालत राहिला. मग रेघ उमटली. जिना नव्हता तो. थोडी वर, थोडी खाली, दहा वर्षं तशीच, वाळूतून चालत गेलेल्या माणसाच्या पावलांसारखी. मग रुद्रेशनं पत्रिकांचा गठ्ठा टेबलाखाली सरकवला.

"दोनवर चालू केलं असतं तर लोकांचं वाटोळं झालं असतं," तो म्हणाला.

"हाव."

"आणि चाचा, तुम्ही मला नुसते अकरा सांगितले असते, तरी मी हे बंदच केलं असतं. तुमचे पाच मला कळलेही नसते." तो कागदाकडं बघत होता, मकबूलकडं नाही. "हे पाच कुठं टाकू मी? यात त्याला चौकोन नाही."

"तुझ्या अप्पांना सांग," मकबूल म्हणाला.

उमाशंकरशेठनी दुपारी बोलावून घेतलं. ते वाईट बोलले नाहीत. कागद दोनदा वाचला, चष्मा काढून डोळे दाबले. प्रोग्रॅम थांबला, हॉल रद्द झाला, ते बरंच झालं म्हणाले. पण हे वाचल्यावर फोनवरच्या ऑर्डरी चालू ठेवणं बरं दिसणार नाही. एक तारखेपासून गिऱ्हाइकं आपापल्या मोबाइलवरून सौदे करतील, मकबूलनं नवीन खात्यांची कागदपत्रं बघावीत. पगार तोच. "तू सांगायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले, आणि कागदाची घडी करून खणात ठेवली. नाझनीननं हे ऐकलं तेव्हा ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तनखा उत्तीच है ना? फिर इत्ता मुँह कायकू उतरा?" मग त्याच्याकडं बघून तिनं भाजी बाजूला ठेवली आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

भुजंगरावांना फोनवर सांगता आलं असतं. पण फोन रेकॉर्ड होतो, आणि मकबूलला आपला आवाज आणखी एकदा कुठं साठवून ठेवायचा नव्हता. रविवारी सकाळी तो लातूरच्या एसटीत बसला. लोहा, अहमदपूर, चाकूर. काच हादरत होती, आणि प्रत्येक थांब्यावर त्याला वाटत होतं की इथं उतरून परतीची गाडी धरावी. लातूरला गाडी बदलून मुरुडला पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भुजंगरावांच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत घातलेली होती, उंबऱ्यापर्यंत, आणि तिच्या वासानं घसा कोरडा पडत होता. त्यांची बायको धोंडाबाई तांब्याभर ताक घेऊन बाहेर आली, म्हणाली, "इतक्या वर्सांनी आलाव, आन् तेबी बिनसांगता? वैनीला तरी आनायचं व्हतं." भुजंगराव आतून डोक्याला फडकं बांधत आले. साठीचा माणूस, पाठ वाकायला लागलेली.

मकबूलनं ताक तसंच हातात धरून सांगून टाकलं. एकवीस सेकंद, त्या दिवशीचे. बाकीच्या वेळी नऊ. अठरा वर्षं. "बाजारानं मारलं म्हणून मी तुमाला सांगत आलो भुजंगराव. समदं बाजारानं नव्हतं मारलं."

भुजंगराव हळदीच्या कडेला उकिडवे बसले. एक कांडी उचलून त्यांनी मोडून बघितली, ती मोडली नाही, तेव्हा परत ठेवली. "नऊ निघाले व्हय?" ते म्हणाले. "मी धा धरायचो."

मकबूलला कळलं नाही.

"पयल्याच वर्सी ध्यानात आलं माझ्या. घ्या म्हन्लं की लगीच. काढा म्हन्लं की तुमी गप. मी कानाला फोन लावून मोजायचो, एक, दोन, तीन. धा झाले की तुमचं बटन वाजायचं. मंग मी काय करायचो, मला निघायचं आसंल त्याच्या धा आदीच म्हनायचो काढा. भाव तिथं यायच्या आदीच." ते हसले, दात थोडे उरलेले. "समद्याला आसंच वाटतंय की आपल्याला काढावं लागू नये. तुमाला आमच्यापेक्षा जास्त वाटायचं."

"मंग बोलला का न्हाईत?"

"काय बोलावं? तुमी लावून धरायचाव आमच्यासाठी, आन् मी म्हनू, लवकर दाबा?"

मकबूलनं ताक एका दमात पिऊन टाकलं. डोळ्यांत पाणी आलं ते उन्हानं की काय त्याला समजलं नाही. एकशेचाळीस सौदे त्यानं कान भाजेपर्यंत ऐकले होते, सेकंद मोजले होते, आणि मुरुडच्या एका माणसाकडं हा आकडा अठरा वर्षं नुसता मनात होता, त्याच्याबद्दलचा, त्याच्यापेक्षा बिनचूक. आणि मग त्याला शंकाही आली की हा माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून हे आत्ता रचत असेल. त्यानं विचारलं, "आन् त्या दिवशी? फेब्रुवारीत?"

भुजंगराव हसायचे थांबले. "त्या दिवशी न्हाई धरलं," ते म्हणाले. "त्या दिवशी मीबी भ्यालो व्हतो. तुमी थांबा म्हन्लाव, आन् मला बरं वाटलं."

धोंडाबाईनं आतून जेवायला हाक मारली. भाकरी, पिठलं, कांदा. जेवण झाल्यावर मकबूलनं एक तारखेचं सांगितलं, की आता फोन नाही, मोबाइलवर तुम्हालाच दाबायचंय. भुजंगरावांनी मुलानं दिलेला मोठा मोबाइल कपाटातून काढून आणला, काचेवर हळदीचं बोट उमटलेलं होतं. मकबूलनं तो पुसून त्यांना सगळं दाखवलं. हा भाव, इथं लॉट लिहायचे, आणि हे खालचं लाल बटन म्हणजे काढा. रविवार होता, बाजार बंद होता, कितीही दाबलं तरी काही होणार नव्हतं.

"दाबून बघा," मकबूल म्हणाला.

भुजंगरावांनी अंगठा बटनावर नेला. अंगठा जाड होता, नखाच्या कडेला पिवळा. तो काचेपासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर जाऊन थांबला आणि तिथंच राहिला. बाहेर धोंडाबाई हळदीवर बसलेली चिमणी हुसकत होती. मकबूलनं भुजंगरावांच्या तोंडाकडं पाहिलं, मग नजर दुसरीकडं वळवली, आणि घाई न करता वाट बघत बसून राहिला.